मोहाखाली बोलायची भाषा

मी दारात आले की दोघं बोलायची थांबत.

सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदहून डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका वाडीत माझी नर्स म्हणून पहिली नेमणूक झाली होती. महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली असतील. उपकेंद्र म्हणजे कौलारू छपराची एक खोली, एक टेबल, औषधांची पेटी आणि मागे माझी चूल. समोर दाईचं घर. दाई साठीच्या पुढची, बुटकी, काटक. आसपासच्या वाड्यांतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. तिच्याशी जुळवून घेतल्याशिवाय मला तिथे काही करता येणार नाही, हे बुलढाण्याच्या ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं, पण आठवड्याभरातच मला उमगलं होतं. मी नाळ कापायचं पातं उकळून घ्यायला लावलं तेव्हा ती म्हणाली होती, "आतापरेंत कोनतं पोरगं मेलं माह्या हातानं?" आणि तरी तिने पातं उकळलं. तिथून आमचं जमत गेलं.

दर बाजाराच्या दिवशी तिचा थोरला भाऊ वरच्या पाड्यावरून उतरून यायचा. बाजारातून परतताना बहिणीच्या अंगणात टेकायचा, आणि दोघं बोलत बसायची. मला खोलीतून नुसता आवाज ऐकू यायचा. काही विचारायला म्हणून मी तिकडे गेले की दोघं एकदम गप्प. मग दाई माझ्याशी वऱ्हाडीत बोलायची, भाऊ विडी काढून जमिनीकडे पाहत बसायचा. असं तीन महिने चाललं. मला वाटायचं, ही माझ्याबद्दलच बोलतात. एकटी बाई, परगावची, लग्न न झालेली. बोलायला काय कमी.

शेवटी एक दिवस मी दाईला विचारलंच. "मावशी, मी आले की तुम्ही गप्प का होता?"

 ती म्हणाली, "तुह्यं काही नाई, बाई. थे आमचं बोलनं हाये. परक्यासमोर नाई बोलत आमी."

त्या वाडीत कोरकूंची घरं जास्त, आणि चार-पाच घरं निहालांची. हे मला माहीत होतं. पण निहालांची स्वतःची एक भाषा आहे, ती कोरकूसारखी नाही, मराठीसारखी नाही, शेजारच्या कुणालाच कळत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. निहाली म्हणतात तिला. दाई सांगत होती, की ही भाषा लपवायचीच. जुन्या माणसांनी तसंच शिकवलेलं. बाजारात व्यापारी काटा मारत असेल, जंगलात जंगलखात्याचा नाकेदार येताना दिसला, तर एकमेकांना सांगायचं ते या भाषेत. समोरच्याला कळलं नाही पाहिजे. घरी कोरकू, बाजारात मराठी, आणि ही आपल्या-आपल्यात, हळू आवाजात.

"मग तुमच्या नातीशी बोलता का?" मी विचारलं.

"नाई."

तिची नात तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आई बाळंतपणात गेलेली, बाप त्याआधीच. दाईनेच तिला वाढवलं होतं. नवरा कोरकू, घरजावई होऊन आलेला, सरळ माणूस. नात चांगली बोलकी होती, माझ्या खोलीत येऊन बसायची, पेटीतल्या बाटल्या पुसून ठेवायची. तिला त्या भाषेतला एक शब्द येत नव्हता, हे मला खरंच वाटेना.

दाईने कारण सांगितलं ते असं. तिची लेक, म्हणजे नातीची आई, लहान असताना बाजारात हरवली होती. घाबरून मोठमोठ्याने आईला हाका मारत सुटली, निहालीत. लोक जमले. कुणीतरी तिची नक्कल केली, मग सगळेच करायला लागले. दाई गर्दीतून वाट काढत पोचली तेव्हा पोर मध्ये उभी होती आणि भोवती मोठी माणसं तिच्यासारखे आवाज काढून हसत होती. "तवापासून मी घरात थे बोलनं बंद केलं," दाई म्हणाली. "लेकीशी बी, नातीशी बी. भाऊ आला की बोलतो दोघं. नाईतर कोनाशी बोलू?"

 रात्रीचा स्वयंपाक करताना मला बुलढाण्याच्या ट्रेनिंगमधल्या आमच्या सिस्टर आठवल्या. पुण्याच्या होत्या. मी पहिल्याच दिवशी "मले पानी पाह्यजे" म्हणाले, तर त्यांनी सगळ्या मुलींसमोर मला ते वाक्य तीनदा नीट म्हणायला लावलं. त्या काही वाईट नव्हत्या, शिकवायच्या छान. पण वर्षभरात मी "मला पाणी हवंय" म्हणायला शिकले, ती सवय आजपर्यंत गेलेली नाही. सुट्टीत देऊळघाटला घरी गेले तर मिरचीच्या वाफ्यात बसलेली माझी आई म्हणाली, "आता आमच्याशी बी पुस्तकावानी बोलतं का वो?" मी हसले होते. ती हसली नव्हती.

*

पावसाळा संपला की त्या भागात हिवतापाची साथ यायची. त्या कार्तिकात दाई पडली. मी गोळ्या दिल्या, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. ताप चढत-उतरत राहिला, आणि तिसऱ्या दिवसापासून ती बरळायला लागली. कोरकू नाही, मराठी नाही. ताप डोक्यात गेल्यावर तिच्या तोंडात फक्त तिची भाषा उरली होती.

एकच लहानसा शब्द ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. कधी विनवल्यासारखा, कधी चिडून. नात तिच्या उशाशी बसून होती, तिला तेव्हा दिवस जाऊन दोन-तीन महिने झाले होते. मी विचारलं, "काय म्हणतात त्या?"

"मले नाई समजत, बाई." तिचा चेहरा उतरला होता. "कोनाचं तरी नाव असंन. मेलेल्या मानसाले बोलावून राह्यली असंन."

घरात भीती बसली. नातीच्या नवऱ्याने भगताला आणायचं काढलं. वाडीत ती भाषा येणारी अजून दोन म्हातारी माणसं होती, पण एक ठार बहिरा होता आणि दुसरी दिवाळीला लेकीकडे गेलेली. दोन दिवस असे गेले. शेवटी मी नातजावयाला म्हटलं, भगत नंतर आण, आधी त्यांच्या भावाला घेऊन ये. तो सकाळी निघाला. वरचा पाडा दोन कोसांवर, चढाचा. म्हातारा दुपारी पोचला.

तो बहिणीजवळ बसला. तिने तोच शब्द म्हटला. त्याने एकदाच ऐकलं, आमच्यापैकी कुणाकडे बघितलं नाही, सरळ तिच्या पाठीखाली हात घातला. मग नातीला म्हणाला, "हिले उचला. पाठीखाली गोटा हाये."

आम्ही तिला कुशीवर वळवलं. चटईखाली सारवलेली जमीन एका जागी उकरली गेली होती, आणि तिथे सुपारीहून थोडा मोठा, कडेला धार असलेला दगड वर आला होता. तिच्या पाठीवर त्या जागी कातडी सोलवटून निघाली होती. ती कुणाला हाका मारत नव्हती. ती दोन दिवस "दगड, दगड" म्हणत होती.

तो शब्द मी इथे लिहीत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

नात रडली नाही. तिने तो दगड उकरून काढला, बाहेर नेऊन टाकला, जागा सारवली, आजीला पुन्हा झोपवलं. मग माझ्या खोलीच्या पायरीवर येऊन बसली. म्हणाली, "दोन दिवस माह्या तोंडाकडे पाहून सांगत होती."

मला तिला समजवायला तोंड नव्हतं. मी नाडी पाहिली होती, ताप मोजला होता, गोळ्या मोजून दिल्या होत्या. रोग्याला दर चार तासांनी कुशीवर वळवा, पाठ बघा, हा ट्रेनिंगमधला अगदी पहिला धडा. तो मी विसरले, कारण बाई काहीतरी भुतांशी बोलते आहे असं मलाही वाटायला लागलं होतं.

*

दाई आठवड्याने उठून बसली. नातीने तिला सांगितलं, "मले शिकव."

"काय शिकवू?"

"तुह्यं बोलनं."

"काय करतं शिकून? बाजारात हसतीन."

"हसू दे. उद्या तू पुन्हा पडली तं?"

दाई म्हणाली, "पडली तं मरीन. सोपं हाये." पण नात मागे लागली. भांडी घासताना वस्तू पुढे करायची, याले काय म्हन्तेत, त्याले काय म्हन्तेत. दाई कधी सांगायची, कधी तोंड फिरवायची. नंतर मला दाई म्हणाली, की नातीच्या तोंडून आपला शब्द ऐकला की तिला लाज वाटायची. कुणीतरी आपलं लुगडं ओढावं तसं वाटायचं.

भावाचा तर त्याहून जास्त विरोध होता. बाजाराच्या दिवशी आला तेव्हा त्याने बहिणीला झापलं, आणि माझ्यासमोर झापलं, म्हणजे मराठीत. मलाही ऐकवायचं असणार. "हे बोलनं झाकलेलं हाये म्हनून हाये. उघडं केलं की गेलं. उद्या पोट्टे शाळेत बोलतीन, बाजारात बोलतीन, समद्यायले समजीन. मंग आपल्यापाशी काय उरलं?"

त्याचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. आजही पूर्ण चुकीचं वाटत नाही. पण नातीने त्याला जे उत्तर दिलं ते मला आठवतं. ती म्हणाली, "मामा, माह्यापासून झाकून काय भेटलं?" नात्याने तो तिचा आजा लागायचा, पण सगळी वाडी त्याला मामा म्हणायची. म्हाताऱ्याने विडी पेटवली.

मार्ग दाईने काढला. फाल्गुनाच्या शेवटी मोहाची फुलं गळायला लागतात. भल्या सकाळी बाया टोपल्या घेऊन झाडांखाली जातात, ऊन चढेपर्यंत वेचतात. निहालांच्या घरांची झाडं वेगळी, ओढ्यापलीकडे. तिथे दुसरं कुणी येत नाही. दाईने चार घरांतल्या बायांना सांगितलं, की यंदा मोहाखाली फक्त आपलं बोलणं. ज्याला येत नाही त्याने बोट दाखवायचं. कोरकू नाही, मराठी नाही. झाडाच्या सावलीबाहेर गेल्यावर पाहिजे ते बोला. असं ठरवलं म्हणजे शिकायचं शिकता येईल आणि भावाचं झाकलेलं झाकलेलंही राहील.

पहिले तीन-चार दिवस तिथे कुणी बोललंच नाही. मी एका सकाळी गेले, दाईने मला येऊ दिलं, अट एकच, की मीही गप्प बसायचं. सात-आठ बाया, त्यांची पोरं, सगळी मुकाट फुलं वेचत होती. गडबड करणाऱ्या पोराला आई नुसती डोळे वटारायची. मग दाईने नातीला काहीतरी विचारलं. नातीने जे सांगितलं ते चुकीचं असणार, कारण दाई एकदम हसायला लागली, इतकी की खाली बसली. दुसऱ्या एका म्हातारीलाही कळलं, तीही हसली. दिवाळीला लेकीकडे गेलेली होती, तीच ही. नातीने म्हणे "टोपली भरली" म्हणायच्या जागी "टोपलीला दिवस गेले" असं काहीतरी म्हटलं होतं. आणि तिचं स्वतःचं पोट तर सातव्या महिन्याचं. त्या दिवसानंतर बाया बोलायला लागल्या. चुकायची भीती गेली.

दाई शिकवायची असं नाही. ती बोलायची. फुलं, पानं, मुंग्या, कुणाची टोपली फाटली, कुणाच्या नवऱ्याने काल काय केलं. पोरांनी सगळ्यांत आधी शिव्या उचलल्या.

मी तेव्हा एक चूक केली, किंवा चूक नसेलही, मला नक्की सांगता येत नाही. मी रोजच मोहाखाली जायला लागले होते, आणि खोलीत परतल्यावर लक्षात राहिलेले शब्द एका वहीत लिहून ठेवायला लागले. देवनागरीत शब्द, समोर मराठी अर्थ. मला वाटलं, उद्या दाई गेली तर कुठेतरी राहतील. कुणी सांगितलं नव्हतं, मी कुणाला विचारलंही नव्हतं. शंभरावर शब्द झाले असतील.

एक दिवस नातीनेच मामाला सांगून टाकलं, कौतुकाने, की बाईंनी सगळं लिहून ठेवलं आहे. तो उठून माझ्या खोलीत आला. याआधी तो कधी उंबऱ्याच्या आत आला नव्हता.

"वही दाखव," म्हणाला.

मी दिली. त्याने पानं उलटली. त्याला वाचता येत नव्हतं.

"हे तुह्यं झालं आता?"

"नाही, बाबा. तुमचंच आहे. हरवू नये म्हणून लिहिलं."

"कोनं हरवलं? आमी जित्ते हाओत न." मग वही माझ्यासमोर टाकून म्हणाला, "वाच."

मी घाबरत पहिला शब्द वाचला. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "काय?" मी पुन्हा वाचला. "असं नाई." त्याने म्हणून दाखवला. मी म्हटला. "नाई." पुन्हा. शेवटी मान हलवली, "पुढं." दुसरा शब्द वाचला तर तो हसला. तो हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. माझा अर्थच चुकला होता. मी ज्याला "ऊन" लिहिलं होतं तो शब्द उन्हाने तापलेल्या जमिनीसाठी होता, उन्हाला वेगळाच. तो सांगत गेला, मी खोडून लिहीत गेले. नात दारात येऊन बसली, मग दाई आली. दाईने एका शब्दावर भावाशी वाद घातला, की आपली आई असं म्हणत नव्हती. तो म्हणे म्हणत होती. दोघं भांडायला लागली, माझ्यासमोर, निहालीत, मोठ्याने. मी परकी तिथे बसले आहे हे दोघंही विसरली होती. माझी दुपारची भाकरी तशीच राहिली.

शेवटच्या पानापर्यंत वाचून झाल्यावर त्याने हात पुढे केला. "ही आमच्या घरी राहीन."

मी वही दिली. त्याने विचारलं, दुसरीकडे कुठे लिहिलं आहे का? मी नाही म्हटलं. पुढेही लिहू नको म्हणाला. मी कबूल केलं. म्हणून मी इथेही शब्द दिलेले नाहीत. आता इतक्या वर्षांनी कदाचित शिकलेल्या लोकांनी ती भाषा पुस्तकांत नोंदवली असेल, मला त्यातलं काही कळत नाही. मी एका माणसाला शब्द दिला होता एवढंच.

त्यानंतर मामा मोहाखाली यायला लागला. शिकवायला नाही, असं तो म्हणायचा. चुका ऐकवत नाहीत म्हणून येतो. पोरं मुद्दाम चुकायची.

*

वैशाखात, भर दुपारी, नातीला मुलगी झाली. बाळंतपण सोपं नव्हतं, बाळ उलटं होतं. दाई आणि मी दोघींनी मिळून केलं. दाईचे हात आत होते आणि माझे पोटावर. मी मराठीत सांगत होते, दाई तिच्या भाषेत, आणि नात दोघींचं ऐकून कण्हत होती. मूल बाहेर आलं, रडलं. दाईने ते पुसून छातीशी धरलं आणि त्याच्या कानाशी नाही, चांगलं खणखणीत बोलली. मी समोर होते, दारात कोरकू बाया होत्या. तिने आवाज खाली घेतला नाही. तिला ते लक्षातही आलं नसावं.

नातीने ठरवून टाकलं, की या मुलीशी आपण दुसरं काही बोलायचं नाही. तिचं स्वतःचं बोलणं तेव्हा कच्चंच होतं. मुलगी वाढत गेली तशी आईही शिकत गेली, कधी मुलगीच पणजीकडून शिकून येऊन आईला सांगायची. बाप तिच्याशी कोरकूत बोलायचा. एकदा मला म्हणाला, "घरात मीच पाहुना झालो, बाई." तक्रार होती, पण त्यात राग नव्हता. त्यालाही पुढे थोडंथोडं कळायला लागलं.

मुलगी सहा वर्षांची झाली आणि शाळेत घातली. वाडीत एकशिक्षकी शाळा होती. गुरुजी नवे, तरुण, घाटाखालच्या एका मोठ्या गावचे, मनापासून शिकवणारे. पंधरा दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "सिस्टर, त्या मुलीला तपासा जरा. मला वाटतं ती मुकी आहे. पंधरा दिवसांत एक अक्षर बोलली नाही."

मी म्हटलं, "मुकी नाही. घरी ऐका तिच्या तोंडाचा पट्टा."

"मग मराठी काऊन नाही येत?" गुरुजीही आमच्याच मुलखाचे होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. "असं करून तिच्या आईने तिचं नुकसानच केलं की. बाकीची पोरं पुढे गेली. ही मागे पडेल."

हे मी नातीला सांगितलं. आई म्हणून आपण काहीतरी चूक केली की काय, ही भीती मी तिच्या तोंडावर पहिल्यांदा पाहिली. तिने मला विचारलं, "तुमाले काय वाटते, बाई? सोडून देऊ?"

मी सांगितलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. लसीचं, तापाचं मी सांगू शकत होते. याचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेच्या दारात जाऊन बसायला लागली. हातात सूप, त्यात निवडायचं काहीतरी. गुरुजी बोलले की ती तिथूनच मुलीला तिच्या भाषेत सांगायची. गुरुजी पहिल्या दिवशी चिडले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बाई, तुम्ही आत तरी बसा." ती आत भिंतीशी बसली. चार-पाच आठवडे ती रोज गेली. हातातली कामं मागे पडली, नवऱ्याने भाकरी भाजायला शिकून घेतलं. दिवाळीच्या सुट्टीआधी मुलगी फळ्यावरची वाक्यं मराठीत वाचायला लागली, आणि एकदा सुरू झाली तशी थांबेना. आणि त्यात आईलाही अक्षरओळख झाली, हे कुणीच ठरवलं नव्हतं.

त्याच वर्षीच्या फाल्गुनातली एक गोष्ट. मी देवीच्या लसी टोचायला मोहाच्या झाडांखालीच गेले होते, कारण सगळी पोरं तिथे एकत्र सापडत. मला पाहून पोरांनी एकच आरडाओरडा केला आणि पळाली. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द. मी दाईला विचारलं, हे काय म्हणतात? दाईने कान देऊन ऐकलं. "मले नाई माहीत," म्हणाली. तिच्या भाषेतला शब्द आणि तिला माहीत नाही. तिने पणतीला धरून आणलं. मुलीने सांगितलं, की पोरांनी दोन शब्द जोडले आहेत. परकीचा काटा. म्हणजे माझी सुई.

दाईला ते आवडलं नाही. "आमच्यात असं जोडत नाईत," ती म्हणाली.

"आमी जोडतो," मुलगी म्हणाली आणि पळाली.

दाई टोपलीशी बसून राहिली. वाईट वाटलं असावं, की आपल्या हातातून काहीतरी निसटलं. मलाही थोडं लागलं होतं, सात वर्षं तिथे काढून मी अजून परकीच. पण चार-आठ दिवसांनी दाईच्या गुडघ्याला सूज आली आणि ती माझ्याकडे येऊन, अगदी गंभीर तोंडाने, तोच शब्द म्हणून सुई मागायला लागली. मी तिला गोळी दिली.

*

पुढच्या वर्षी माझी बदली अमडापूरला झाली. दाई गेल्याचं मला तिकडेच, दोन महिन्यांनी, एका कंपाउंडरकडून कळलं. मामा तिच्या आधी गेला होता. वही कुठे आहे हे मी कधी विचारलं नाही.

मग बरीच वर्षं मधे गेली. माझं लग्न झालं, मुलं झाली, देऊळघाटची आई गेली. ती असेपर्यंत मी तिच्याशी "मले-तुले" करत बोलायचे, प्रयत्न करून, आणि तिला तो प्रयत्न कळायचा. माझ्या मुलांना मी ते दिलं नाही. त्यांना नीट मराठी यावी म्हणून.

एकदा कामानिमित्त जळगाव जामोदला गेले होते तेव्हा दुपारच्या एसटीने वर गेले. नात चाळिशी ओलांडलेली, केस पिकायला लागलेले. मला पाहून तिने आधी पाणी दिलं, मग रडली. मुलगी लग्न होऊन ओढ्यापलीकडच्या वाडीत गेली होती. चार घरांपैकी दोन घरं मलकापूरकडे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला गेली. तिथे त्यांची पोरं काय बोलतात ते तिला माहीत नव्हतं, पण अंदाज होता. उरलेल्या दोन घरांत बोलणं चालू आहे. मोहाखालचा नियम कुणी पाळत नाही. गरज नाही, ती म्हणाली, आता अंगणातच बोलतात.

तिचा धाकटा मुलगा, माझ्या बदलीनंतर झालेला, पंधरा-सोळा वर्षांचा होता. तो बाहेरून आला, तिने त्याला तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं. चांगली दोन-तीन लांब वाक्यं. त्याने मराठीत उत्तर दिलं. तिने पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा मराठीत.

"याले येत नाही?" मी विचारलं. किती वर्षांनी ते "याले" माझ्या तोंडून आपोआप आलं.

"समदं समजते त्याले. बोलत नाई." ती पीठ मळत होती. "मी बी तं वीस वर्साची होईपरेंत बोलली नवती. यानं निदान आयकलं हाये."

"वाईट नाही वाटत?"

तिने पिठाला पाणी लावलं. "पोरगी हाये न माही. तिच्यापाशी हाये. आता तिले दिवस हायेत." मग मुलाकडे पाहून पुन्हा काहीतरी म्हणाली, रागाने. तो हसत मराठीत म्हणाला, "हाव, जातो, जातो," आणि घागर उचलून निघाला.

मी संध्याकाळच्या एसटीपर्यंत थांबले. दोघं मायलेकरं माझ्यासमोर तशीच बोलत राहिली, ती एका भाषेत, तो दुसऱ्या. कामं होत होती, भाकरी झाली, गाई आल्या. मधूनमधून ती मला अर्थ सांगायची. मधूनमधून सांगायचं विसरायची.